इंटरचे वर्ष आणि वसतिगृहाची परंपरा

नेवासे तालुक्यातील शिंगणापूर हे गाव शनैश्वराच्या उघड्या चौथऱ्यामुळे आणि घरांना कवाडे न लावण्याच्या रूढीमुळे सर्वदूर परिचित आहे. ज्या घराच्या चौकटीला कडी-कोयंडा नाही अशा घरात वाढलेला मुलगा उच्च शिक्षणासाठी अहिल्यानगरास, राहुरीस किंवा पुण्यास जातो, तेव्हा कुलूप लावलेली पत्र्याची पेटी आणि वसतिगृहातील एक खाट एवढाच त्याचा नवा संसार असतो. गावात ज्याच्यावर साऱ्या आळीची नजर होती, त्याची काळजी परगावी कोणी वाहावी, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने सव्वाशे वर्षांपूर्वीच शोधावयास आरंभ केला होता.

१९०१ साली राजर्षी शाहू छत्रपतींच्या आश्रयाने कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, आणि पुढे निरनिराळ्या जातिधर्मांच्या वसतिगृहांना जागा, इमारती व अनुदाने देऊन महाराजांनी त्या नगरीला विद्यार्थी-वसतिगृहांची जननी ही कीर्ती मिळवून दिली. त्याच कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसतील असे वसतिगृह उघडले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. कोठीतील धान्य सरले असता भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, मुलांच्या अन्नासाठी दिले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु त्या त्यागाइतकेच महत्त्व या गोष्टीला आहे, की पाणी भरणे, स्वयंपाक करणे, शेतात राबणे ही कामे स्वतः विद्यार्थी करीत, आणि त्यामुळे आश्रित म्हणून आलेला मुलगा त्या घराचा कर्ता होऊन जाई.

अशा वसतिगृहांत राहून मुले महाविद्यालयात शिकत, त्या काळी मॅट्रिकनंतर पदवीला चार वर्षे लागत आणि त्यांतील दुसऱ्या वर्षाला ‘इंटर’ म्हणत. इंटर सायन्सच्या गुणांवर वैद्यकीचा वा अभियांत्रिकीचा प्रवेश ठरत असल्यामुळे त्या वर्षाचे भय घरादाराला ठाऊक असे, आणि म्हणूनच त्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जपण्याची दृष्टीही सर्वांना असे. १९७० नंतरच्या दशकात दहा अधिक दोन अधिक तीन ही रचना आली आणि इंटर अस्तंगत झाले. तेव्हापासून प्रथम वर्षाचे स्वागत होते, अंतिम वर्षाच्या नोकरीची चिंता केली जाते. मधल्या, म्हणजे दुसऱ्या, वर्षाचा विद्यार्थी मात्र कोणाच्याच दप्तरी खास नोंदीचा उरला नाही. वस्तुतः विषय कठीण होतात ते याच वर्षी, आपण निवडलेली शाखा आपली आहे काय ही शंका मन पोखरू लागते तीही याच वर्षी, आणि नवेपणाची सवलत तर संपलेली असते. अमेरिकेतील काही विद्यापीठे आज द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांतून स्वतंत्र उपक्रम चालवितात, ते याच कारणास्तव.

आपल्याकडे त्यासाठी नवा पाया खणण्याचे प्रयोजन नाही. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात १९४७ पासून ‘कमवा व शिका’ ही योजना रुजली, पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली स्थापिलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने ग्रामीण भागातील मुलामुलींना निवासाबरोबर श्रमाचे व स्वावलंबनाचे वळण लावले. या परंपरेचे मर्म असे, की विद्यार्थ्याला आधार द्यावयाचा तर त्याच्यावर विश्वासाने काही सोपवावे लागते. भोजनालयाचा जमाखर्च, आजारी सोबत्याची शुश्रूषा, नव्याने आलेल्या मुलाच्या अभ्यासाची देखरेख ही कामे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे रीतसर द्यावीत, आणि आठवड्यातून एकदा अधीक्षकांनी त्याच्याजवळ बसून त्याच्या स्वतःच्या अभ्यासाची विचारपूस करावी. एवढी तजवीज अहिल्यानगर जिल्ह्यातील कोणत्याही वसतिगृहाला आज करता येण्यासारखी आहे, आणि ती न करणे हा त्या थोर संस्थापकांच्या श्रमांचा अव्हेर ठरेल.