माळव्याच्या वाटा आणि जड ओझी

धार शहरातील लाट मशिदीसमोर घडीव लोखंडाच्या एका प्रचंड स्तंभाचे तीन तुकडे चौथऱ्यावर आडवे ठेवलेले आहेत. त्यांची एकत्रित लांबी 13 मीटरांहून थोडी अधिक असून, वजन अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे सात टनांच्या पुढे भरते. 1531 साली माळवा जिंकल्यावर गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने हा स्तंभ आपल्या मुलखात नेण्याचा मनसुबा केला. परंतु खाली उतरवताना कारागिरांनी पुरेशी खबरदारी न घेतल्यामुळे तो कोसळून भंगला, असे जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. खुद्द जहांगीर 1617 साली मांडूस जाताना धारेस उतरला, तेव्हा निरुपयोगी पडलेल्या त्या लोखंडाचा मोठा तुकडा आग्र्यास नेऊन अकबराच्या समाधीच्या प्रांगणात उभा करावा व त्याच्या माथ्यावर रात्री दिवा लावावा, असा हुकूम त्यानेही सोडला. हुकूम बादशहाचा होता; तुकडा मात्र धारेतच राहिला.

स्तंभ जवळून पाहिला, तर त्याच्या अंगावर ठिकठिकाणी दोन-तीन बोटे खोल भोके दिसतात. एवढा थोरला लोहगोळा भट्टीपाशी घडवताना तो पेलता व फिरवता यावा, म्हणून ती ठेवली असावीत, असा जाणकारांचा तर्क आहे. तर्क खरा असेल, तर ओझे हलवायचे कसे याचा विचार लोहाराने वस्तू घडण्यापूर्वीच केला होता आणि विजेत्याने ती ताब्यात आल्यावरही केला नाही, असे म्हणणे भाग आहे.

माळव्याची भूमी ही जड ओझ्याची जुनी वैरीण. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडणारी येथील काळी माती पावसाळ्यात फुगून अशी चिकट होते, की भरलेली गाडी आसापर्यंत रुतावी. अठराव्या शतकात पवारांनी धारेस आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीत आपली ठाणी बसवली, तेव्हा मराठी फौजा दसऱ्यानंतर बाहेर पडत आणि मृगापूर्वी छावणी गाठू पाहत, त्यामागे चाऱ्यापाण्याइतकाच वाटांचाही हिशेब होता. तोफेला बैलांच्या जोड्यांमागे जोड्या जुंपाव्या, चढ आला की मागून हत्तीने मस्तक लावावे, ओढा आला की काठ फोडून उतार करावा, असा तो बंदोबस्त असे. वाट मोडली तर मोडली. ती मुळात कोणी बांधलेलीच नव्हती.

रस्ता बिघडवण्याचा अपराध उद्भवला तो रस्ता बांधल्यानंतर. देवास, इंदूर, महू, मानपूर असा येऊन विंध्याचा घाट उतरणारा, आणि पुढे धामनोदावरून खलघाटास नर्मदा ओलांडणारा आग्रा-मुंबई रस्ता काळ्या फत्तराच्या खडीने बांधला गेला, आणि त्या खडीला पहिला शत्रू भेटला तो शेतकऱ्याच्या बैलगाडीच्या चाकाच्या रूपाने. दोन बोटे रुंदीची लोखंडी धाव सगळा भार एका अरुंद रेघेवर उतरवी, खडीचे पीठ करी, आणि ते पीठ पहिल्या पावसात वाहून जाई. इंजिनिअर मंडळी त्याबद्दल रयतेला बोल लावीत. पण ज्याला रबरी टायर परवडत नाही त्याने धाव काढून कशावर गाडी हाकावी, हे मात्र फारसे कोणी सांगत नसे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली 1927 साली नेमलेल्या रस्तेविषयक समितीने हा प्रश्न प्रांतोप्रांतींच्या दप्तरांतून वर काढला. तिच्या शिफारशींतून 1929 साली पेट्रोलवरील करातून उभारलेला मध्यवर्ती रस्ते निधी निघाला आणि 1934 साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. रस्ता ही केवळ स्थानिक खात्याची बाब नव्हे, हे सरकारकडून मान्य करून घेण्याचे श्रेय बऱ्याच अंशी या मराठी गृहस्थाकडे जाते.

यानंतर आली साखळीवर चालणारी यंत्रे. 1948 साली धार व देवास ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली, त्याच सुमारास केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने मध्य हिंदुस्थानातील कांसग्रस्त जमिनी नांगरण्याचे काम हाती घेतले. कांस हे गवत मुळाने एवढे खोल जाते की बैलांच्या नांगरास ते दाद देत नाही; म्हणून अमेरिकी लष्कराने मागे ठेवलेले, आणि पुढे 1949 च्या जागतिक बँकेच्या एक कोटी डॉलरच्या कर्जातून घेतलेले, साखळीचे ट्रॅक्टर रानात उतरले. काळ्या मातीत ही साखळी वरदान, कारण ती भार पसरते. डांबरावर तीच शाप.

हा विरोधाभास समजून घेण्याजोगा आहे. वीस टनांच्या पोकलेनचा, म्हणजे साखळीवरच्या खोदाई यंत्राचा, भार साखळीच्या संपूर्ण तळावर वाटला, तर चौरस सेंटीमीटरला तो जेमतेम अर्धा किलो पडतो. भरलेल्या ट्रकच्या टायरखाली सात-आठ किलो पडतो. मग डांबर उखडते कशाने? मऊ मातीत संबंध तळ टेकतो, कठीण रस्त्यावर मात्र साखळीच्या पट्ट्यांवरील उंच कडा तेवढ्या टेकतात. आणि एक साखळी थांबवून दुसरीने यंत्र जागच्या जागी फिरवले, म्हणजे त्या कडा पृष्ठभाग खरवडून काढतात. वैशाखातील दुपारी डांबर नरम असते, तेव्हा ही खरवड अधिकच खोल जाते. म्हणून जाणता ऑपरेटर लांबची मजल ट्रेलरवर करतो, रस्ता ओलांडताना तो सरळ ओलांडतो, वळण मातीत उतरून घेतो, आणि साखळीखाली जुने टायर वा लाकडी फळ्या घालून मागच्या फळ्या उचलून पुढे मांडवून घेतो. काम संथ होते, दोन माणसे अधिक लागतात. खर्चाचा काय तो प्रश्न तेवढाच.

धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे आज रस्ते दाबणारे रोलर तयार होतात, वाहनांची परीक्षा घेणारी अकरा किलोमीटरहून लांब लंबवर्तुळाकार धावपट्टीही तेथेच आहे. ज्ञान दूर नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील बांधकाम-यंत्राच्या व्याख्येत रबरी टायरची, रबरी पट्ट्या बसवलेली अथवा पोलादी ड्रमची यंत्रे येतात. उघड्या पोलादी साखळीचा तीत उल्लेख नाही. तेव्हा कामाचा ठेका देतानाच ट्रेलर, फळ्या आणि रबरी पट्ट्या यांची अट करारात लिहून घ्यावी, आणि ती मोडणाऱ्याच्या अनामत रकमेतून रस्त्याची भरपाई वसूल करावी, एवढी तजवीज नगरपालिकांनी व जिल्हा पंचायतींनी केली पाहिजे.