रूळ राखणाऱ्या छोट्या गाड्या

आगगाडीचा रूळ ज्या गावाच्या शिवारातून जातो, तिथल्या लोकांना एक देखावा ओळखीचा असतो. उन्हातान्हात सात-आठ माणसे रुळावर वाकलेली असतात. कुणाच्या हातात पहार, कुणाच्या हातात फावडे, कुणाच्या डोक्यावर खडीचे घमेले. मुकादम खाली वाकून, एक डोळा मिटून रुळाची रेघ न्याहाळतो आणि हाताने खूण करतो. गाडी आली की मंडळी बाजूला सरतात, आणि ती गेली की पुन्हा कामाला लागतात.

श्रोतेहो, आगगाडीचा इतिहास म्हणून आपण बहुधा इंजिनांचा इतिहास शिकतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली. तिच्या तीन इंजिनांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान अशी सांगतात. शाळेतली मुलेही ती घडाघडा म्हणतील. पण त्या एकवीस मैलांच्या रुळांखाली ज्यांनी खडी ठोकली, त्यांची नावे काय? ती काही आपल्याला कुणी पाठ करायला लावली नाहीत. या विसरलेल्या कामाची आठवण जिथे टिकून राहिली आहे, अशा एका अनपेक्षित जागेची गोष्ट आज सांगायची आहे. ती जागा म्हणजे खेळातली आगगाडी.

आधी रूळ बिघडतो कसा, ते पाहू. रूळ स्लीपरांवर बसवलेला असतो आणि स्लीपर खडीत रुतवलेले असतात. जड गाडी वरून गेली की स्लीपर किंचित दबतो आणि पुन्हा वर येतो. असे हजारो वेळा झाले म्हणजे खाली पोकळी पडते. पावसाने माती सैल होते, उन्हाने रूळ लांबतो, थंडीने आखडतो. एखादा सांधा खाली बसला की प्रत्येक चाक तिथे आपटते आणि तो आणखी बसतो. म्हणून स्लीपर उचलून त्याखाली खडी ठोकून घट्ट करावी लागते, चाव्या आवळाव्या लागतात, रूळ सरळ रेषेत आणावा लागतो. हे काम कधी संपत नाही. घर शाकारण्यासारखेच ते आहे. यंदा केले म्हणून पुढच्या वर्षी चुकत नाही.

आता जरा अमेरिकेकडे वळू, कारण आपल्या गोष्टीतल्या छोट्या गाड्यांचे मूळ पुष्कळसे तिकडे आहे. तिथे मैलच्या मैल ओसाड मुलुखातून रूळ गेलेले. टोळीने कामाच्या जागी पोचायचे कसे? त्यासाठी हातगाडी निघाली. चार चाकांचा पाट, त्यावर मधोमध टेकू आणि त्या टेकूवर आडवा दांडा. दोन्ही बाजूंनी माणसांनी दांडा वरखाली दाबायचा, की गाडी रुळावरून पळू लागते. पुढे मिशिगन राज्यातल्या जॉर्ज शेफील्ड नावाच्या माणसाने तीन चाकांची, एकट्याने चालवायची हलकी गाडी केली. तिची हकीकत अशी सांगतात. कामावरून घरी जायला गाडी सोयीची नव्हती, म्हणून १८७७ च्या सुमारास त्याने हे वाहन स्वतःच घडवले आणि रात्री गुपचूप रुळावरून ये-जा सुरू केली. एका रात्री त्याला तुटलेला रूळ दिसला. येणारी गाडी त्याने खूण करून थांबवली. चोरी उघडी पडली खरी, पण अपघात टळला! शिक्षा करायची सोडून कंपनीने त्याच्याकडे असल्या आणखी गाड्या मागितल्या. १८७९ मध्ये त्याला या गाडीचे पेटंट मिळाले.

बर्फाच्या मुलखात वेगळीच अडचण होती. रूळ बर्फाखाली गाडले जात. १८६९ मध्ये कॅनडातल्या टोरंटो शहरच्या जे. डब्ल्यू. इलियट या दंतवैद्याने पंख्यासारखे फिरणारे मोठे चाक लावून बर्फ दूर भिरकावणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली. दात दुरुस्त करणाऱ्याने रुळांचीही काळजी वाहिली म्हणायची! पुढे ऑरेंज जल याने तिच्यात सुधारणा केली आणि लेस्ली बंधूंनी १८८३-८४ च्या सुमारास ते यंत्र मोठ्या आकारात बांधले. विसाव्या शतकात हातगाडीला पेट्रोलचे छोटे इंजिन बसले. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियातल्या कारखान्यांची खडी ठोकणारी यंत्रे जगभर गेली. १९६० नंतरच्या दशकात ती भारतातही आली. लोखंडी बोटे स्लीपरच्या दोन्ही बाजूंनी खडीत शिरतात, थरथरतात आणि खडी आत दाबतात. टोळीतले गडी बीटरने जे करीत, तेच हे काम.

यंत्र आले की हातगाडी भंगारात जाते. जुन्या इंजिनासाठी संग्रहालये उभी राहतात, पण खडीची वाघीण, बर्फाचा नांगर, टोळीची झोपायची गाडी यांची आठवण कोण ठेवणार? इथे खेळातल्या आगगाडीवाल्यांचा प्रवेश होतो.

खेळातल्या आगगाडीला शिस्त लागली ती जर्मनीत. मार्कलिन या कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाचे रूळ मांडले. त्यामुळे आज घेतलेल्या रुळावर उद्या घेतलेली गाडी चालू लागली. पुढे आकार लहान होत गेला. १९३० नंतरच्या दशकात साडेसोळा मिलिमीटर रुंदीचा मार्ग रूढ झाला. त्यावरच्या गाड्या खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढ्या. १९६० नंतर जर्मनीच्याच आर्नोल्ड कंपनीने नऊ मिलिमीटरचा मार्ग लोकप्रिय केला. तिथे प्रमाण एकास एकशेसाठ. १९७२ मध्ये मार्कलिनने त्याहून लहान, साडेसहा मिलिमीटरचा मार्ग काढला. आगपेटीच्या रुंदीत गाडी मावू लागली.

अमेरिकेत १९३४ साली मिल्वॉकी शहरातून ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक सुरू झाले आणि १९३५ साली या छंदाच्या लोकांनी आपली राष्ट्रीय संघटना बांधली. ही मंडळी मोठी माणसे होती. त्यांना खेळणे नको होते, खऱ्या रेल्वेची हुबेहूब प्रतिकृती हवी होती. इंजिने आणि डबे दुकानात मिळत, कारण त्यांना गिऱ्हाईक भरपूर. पण रूळदुरुस्तीची गाडी कोण विकत घेणार? कारखानदाराला ते परवडत नसे. तेव्हा ज्याला ती हवी असेल, त्याने ती पितळी पत्रा, तार, पुठ्ठा, लाकडाची चिपटी यांतून मुळापासून घडवायची. या कामाला तिकडे ‘स्क्रॅच बिल्डिंग’ म्हणतात. पुढे त्यात प्लास्टिकच्या पातळ पत्र्याची भर पडली.

आता तुम्ही म्हणाल, यात इतिहास तो काय? सांगतो. मुळापासून घडवायचे म्हणजे आधी खरी वस्तू मोजावी लागते. यार्डाच्या कोपऱ्यात गंजत पडलेली गाडी शोधायची, फूटपट्टी घेऊन तिचा दांडा, चाक, फळी यांची मापे टिपायची, जुनी छायाचित्रे मिळवायची, कधी निवृत्त कामगाराला विचारायचे, ‘बाबा, ही पेटी कशाला होती?’ मग कागदावर नकाशा काढायचा. अशा मापांचे नकाशे छंदाच्या मासिकांतून छापून आले. गाडी भंगारात गेली तरी तिचे माप कागदावर उरले. वस्तू हाताने घडवणारा माणूस तिच्यातल्या प्रत्येक खिळ्याला ‘तू इथे का?’ असे विचारतो. नुसते पाहणारा तो प्रश्न विचारीत नाही.

आणि काम किती नाजूक! एकास एकशेसाठ या प्रमाणात साडेपाच फुटी माणूस सुमारे दहा मिलिमीटरचा होतो. हातगाडीचे वीस इंची चाक तीन मिलिमीटरचे, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढे. एक इंच जाडीची पहार ही मिलिमीटरच्या सहाव्या हिश्शाएवढी बारीक तार. चिमटा, कानस, भिंग, डाग द्यायची डागणी, असा सगळा सोनाराच्या दुकानातला थाट. शिंक आली की महिन्याचे काम उडाले म्हणून समजा!

या मंडळींना पुढे एक गोष्ट उमगली. खेळातल्या रुळालाही राखण लागते, आणि ती खऱ्या रुळाहून अधिक. याचे कारण गणितात आहे. गुरुजींनी हे फळ्यावर जरूर मांडून दाखवावे. लांबी, रुंदी आणि उंची ही तिन्ही १६० पटींनी कमी झाली की वजन १६० गुणिले १६० गुणिले १६०, म्हणजे सुमारे ४१ लाख पटींनी कमी होते. शंभर टनांचे इंजिन उरते अवघे चोवीस ग्रॅमचे, जुन्या मापाने जेमतेम दोन तोळ्यांचे. या गाड्यांना वीज मिळते ती रुळातून चाकावाटे. एवढेसे इंजिन रुळावर दाब तो किती देणार! आणि इंजिन लहान झाले म्हणून धूळ काही लहान होत नाही. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा धुळीचा कण या इंजिनाला सोळा मिलिमीटरच्या, चांगल्या करवंदाएवढ्या खड्यासारखा असतो. रुळावर काजळीचा पातळ थर चढला की वीज अडते आणि गाडी जागच्या जागी उभी.

यावरचा एक उपाय प्रसिद्ध आहे. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावी जॉन ॲलन नावाचा गृहस्थ राहत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने आपल्या घरात एक अद्भुत छोटी रेल्वे उभारली. डोंगर, दऱ्या, पूल, गावे, सगळे त्यात होते. रेल्वेचे नावही गमतीचे, ‘गोरी अँड डिफीटेड’, म्हणजे रक्तबंबाळ आणि पराभूत. जगभरचे छांदिष्ट तिची छायाचित्रे पाहून थक्क होत. एवढ्या पसाऱ्यातले रूळ पुसायचे कसे? ॲलनची युक्ती साधी होती. लाकडाच्या लगद्याचा दाबून केलेला कठीण तक्ता असतो, त्याचा छोटा तुकडा घ्यायचा. त्यावर दोन खिळे उभे बसवायचे. एका बंद वाघिणीच्या तळाला दोन सैल भोके पाडून खिळे त्यांत सोडायचे. तुकड्याची खरबरीत बाजू आपल्याच वजनाने रुळावर टेकते, आणि वाघीण गाडीबरोबर फिरेल तिथे तिथे रूळ घासला जातो. तुकडा मळला की घासून पुन्हा लावायचा. खर्च जवळजवळ शून्य.

जानेवारी १९७३ मध्ये ॲलन वारला. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या घराला आग लागली आणि ती रेल्वे तिच्यात नष्ट झाली. ते डोंगर गेले, ते पूल गेले. राहिली काय, तर छायाचित्रे आणि ती घासणारी वाघीण. कारण ती युक्ती शेकडो लोकांनी आपापल्या घरी करून पाहिली होती. दिमाख जळाला, पण राखण करणारे साधन हातोहाती टिकले.

आपल्याकडेही या छंदाचे एक ठिकाण आहे. भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय पुण्यात १९९८ मध्ये खुले झाले. पण आपल्या रूळदुरुस्तीची साधने छोट्या आकारात करायची तर अडचण आहे. भारतातला रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरचा, आणि बाजारातले छोटे रूळ बेतलेले आहेत युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या मार्गावर. म्हणजे आपली ट्रॉली अचूक मापाची हवी असेल, तर तिच्यासाठी रूळही आपणच घडवायला हवेत.

शाळेत हे सहज करता येईल. एकास शंभर हे प्रमाण घ्यावे, म्हणजे हिशेब तोंडी होतो. मार्गाची रुंदी पावणेसतरा मिलिमीटर. पावणेतीन मीटरचा स्लीपर होतो साडेसत्तावीस मिलिमीटरचा. त्यासाठी आगकाडी कापली की काम झाले. दोन स्लीपरांच्या मध्यांत सहा-साडेसहा मिलिमीटर अंतर ठेवावे. ट्रॉलीला पुठ्ठा, पहारेला बारीक तार. मात्र मापे घ्यायला मुलांनी रुळावर उतरायचे नाही, हे आधी बजावावे. गावात रेल्वेतून निवृत्त झालेला गँगमन असेल, तर त्याला शाळेत बोलवावे. आता कागदोपत्री ‘ट्रॅक मेंटेनर’ म्हणतात, पण काम तेच. कुठल्या हत्याराला काय म्हणत, पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन गस्त कशी घालीत, सांधा ढिला आहे हे हातोडीच्या आवाजावरून कसे कळे, हे त्याच्या तोंडून मुलांनी ऐकावे आणि वहीत उतरवून घ्यावे.

ही माहिती पुष्कळदा पुस्तकांत सापडत नाही, आणि सांगणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. साहिब, सिंध आणि सुलतान यांची नावे पाठ आहेत, ती राहू द्यावीत. त्यांच्या शेजारी आगकाड्यांच्या स्लीपरांवर एक पुठ्ठ्याची ट्रॉली आणि हातात तारेची पहार घेतलेली चार माणसे उभी राहिली, आणि त्या वहीत गावातल्या एका गँगमनचे नाव लिहिले गेले, तर आगगाडीच्या इतिहासातली एक रिकामी जागा तुमच्या शाळेपुरती भरून निघेल.