पिन बसली म्हणजे झाले असे नाही

व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा (व्हीआर) हेडसेट घेण्याआधी संगणकाचे यूएसबी पोर्ट तपासून घ्यावेत, हा सल्ला २०१६ पासून रूढ झाला. तपासणीची रीत मात्र त्याहून बरीच जुनी आहे. संगणकाच्या पाठीमागे काय जोडायचे, कुठे जोडायचे आणि जोडल्यावर ते चालेल का, हे ठरवून देणारा कारागीर भारतात यूएसबीच्या आधीपासून होता. तो बहुधा कंपनीचा इंजिनीअर नसे. सुटे भाग आणून संगणक जुळवून देणारा जवळपासचा ‘कॉम्प्युटरवाला’ हाच तो कारागीर.

उदाहरण वसईचे घेऊ. वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेकडचे सांडोर २००१च्या जनगणनेत ‘जनगणना शहर’ म्हणून नोंदले गेले. वाड्यांच्या या पट्ट्यात इमारती वाढत गेल्या, त्याच काळात घराघरांत संगणक शिरला, आणि तो बहुतेक ठिकाणी ‘असेम्बल केलेला’ होता. सुट्या भागांची मोठी बाजारपेठ जवळ नव्हती. त्यासाठी वसई रोडहून लोकल पकडून ग्रँट रोडला उतरायचे आणि तिथून लॅमिंग्टन रोड गाठायचा. मुंबईचा १९०३ ते १९०७ या काळातला गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन याचे नाव मिळालेला हा रस्ता पुढे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही अजून जुनेच नाव घेतात. रेडिओच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या या बाजारात संगणकाचे भाग आले, आणि मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट अशी यादी घेऊन उपनगरांतली माणसे तिथे जाऊ लागली. विरार लोकलच्या गर्दीतून काचेचा जाड मॉनिटर घरी आणायचा, तर लगेजच्या डब्याखेरीज दुसरा मार्ग नसे.

त्या काळातल्या संगणकाची पाठ पाहिली तर प्रत्येक कामाला वेगळे भोक दिसे. माऊससाठी नऊ पिनांचा सीरियल पोर्ट, प्रिंटरसाठी पंचवीस पिनांचा पॅरलल पोर्ट, कीबोर्डसाठी गोल पोर्ट, जॉयस्टिकसाठी साउंड कार्डावरचा पंधरा पिनांचा पोर्ट. आकार वेगळे असल्याने चुकीच्या ठिकाणी पिन सहसा जात नसे. अडचण आत असे. प्रोसेसरचे लक्ष वेधून घेण्यासाठी प्रत्येक यंत्राला एक क्रमांकाची ओळ द्यावी लागे आणि अशा ओळी मोजक्याच होत्या. पहिला सीरियल पोर्ट चौथी ओळ वापरी आणि तिसराही तीच. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केल्यावर घरोघरी मोडेम आले, तेव्हा ही गोष्ट अनेकांना नव्याने कळली. माऊस पहिल्या पोर्टावर आणि मोडेमचे कार्ड तिसऱ्यावर असले, की फोन लागताच माऊस जागच्या जागी थिजे. उपाय म्हणजे कॅबिनेट उघडायचे, कार्डावरचा जंपर नावाचा इवलासा प्लास्टिकचा तुकडा चिमट्याने काढायचा आणि शेजारच्या दोन काड्यांवर बसवायचा.

मराठी वाचक-लेखकांच्या जगात पोर्टाचे खरे महत्त्व कळले ते डीटीपीमुळे, म्हणजे संगणकावरच्या अक्षरजुळणीमुळे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकची आयएसएम ही मराठी अक्षरजुळणीची सॉफ्टवेअरे घेतली की सोबत ‘डाँगल’ मिळे. काडेपेटीएवढी ही डबी आधी पॅरलल पोर्टात खोचायची आणि प्रिंटरची केबल तिच्या पाठीत लावायची. डाँगल जागेवर नसेल तर सॉफ्टवेअर चालत नसे. नकलांना आळा घालण्याची ती सोय होती; पण तिच्यामुळे अंक, पत्रिका, निवडणुकीची पत्रके असे सगळे काम एका पोर्टाच्या तब्येतीवर अवलंबून राहिले. पुढे नव्या मदरबोर्डांवरून पॅरलल पोर्ट गायब होऊ लागला. यूएसबीला पॅरलल पोर्ट जोडून देणारी केबल बाजारात स्वस्तात मिळे, तिच्यावर प्रिंटर निमूट चाले, डाँगल मात्र ओळखली जात नसे. कारण साधे होते. ती केबल स्वतःला फक्त ‘प्रिंटर’ म्हणून ओळख देई, तर डाँगल शोधणारे सॉफ्टवेअर मदरबोर्डावरच्या पोर्टाचा ठरावीक पत्ता थेट चाचपून पाही. जुन्या डाँगलच्या जागी यूएसबीची डाँगल आली तेव्हा कुठे हा प्रश्न मिटला. पिन बसते पण काम होत नाही, हा अनुभव मराठी छपाईच्या धंद्याला व्हीआरच्या कितीतरी आधी आला तो असा.

या सगळ्या भोकांच्या जागी एकच भोक असावे, या विचारातून यूएसबी जन्माला आली. कॉम्पॅक, डिजिटल, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्यांनी मिळून आखलेल्या या मानकाची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये निघाली. इंटेलकडून या कामात पुढे असलेले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. गायकवाडांचे बडोदे वसईवरूनच गुजरातकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आहे, तेव्हा लॅमिंग्टन रोडवर विकल्या गेलेल्या प्रत्येक पेन ड्राइव्हचे मूळ या मार्गाच्या आसपास शोधायला हरकत नाही. यूएसबीची पिन एकाच बाजूने बसते आणि ती बाजू पहिल्या प्रयत्नात क्वचितच सापडते, याचे कारण भट्ट यांनी पुढे खर्च असे सांगितले: दोन्ही बाजूंनी बसणारी पिन करायला जादा तारा लागल्या असत्या.

सुरुवातीची यूएसबी भरवशाची नव्हती. विंडोज ९५च्या उशिराच्या आवृत्त्यांत तिला जेमतेम आधार होता, आणि एप्रिल १९९८ मध्ये विंडोज ९८च्या जाहीर प्रात्यक्षिकात बिल गेट्स यांच्या देखत यूएसबी स्कॅनर जोडताच पडदा निळा झाला. त्यानंतर मात्र वेग झपाट्याने वाढला. पहिल्या आवृत्तीचा सेकंदाला १२ मेगाबिट, एप्रिल २०००च्या यूएसबी २.०चा ४८० मेगाबिट, नोव्हेंबर २००८च्या यूएसबी ३.०चा ५ गिगाबिट. विजेचा पुरवठाही ५०० मिलिअँपिअरवरून ९०० वर गेला. बाहेरचा आयताकृती आकार मात्र तोच राहिला. जुनी यंत्रे नव्या पोर्टात चालावीत म्हणून तो राखला होता आणि ते शहाणपणाचेच होते. पण पाठीमागचे पोर्ट पाहून त्यांची ताकद ओळखणे आता आतल्या निळ्या पट्टीवर येऊन ठेपले. ही पट्टी सक्तीची नाही. काही मदरबोर्डांवर ती लाल किंवा काळी असते.

माऊस, प्रिंटर आणि पेन ड्राइव्ह यांना या फरकाने काही बिघडत नव्हते. फार तर सिनेमा कॉपी व्हायला जास्त वेळ लागे. फरक उघडा पाडला तो व्हीआरने. मार्च २०१६ मध्ये ऑक्युलस रिफ्ट हा हेडसेट बाजारात आला, तेव्हा कंपनीने शिफारस केलेल्या संगणकाला तीन यूएसबी ३.० आणि एक यूएसबी २.० पोर्ट हवे होते. हेडसेटसोबत टेबलावर ठेवायचा सेन्सर हा खरे तर कॅमेराच होता. हेडसेटवरचे अवरक्त दिवे तो सतत टिपत राही, आणि डोके नेमके कुठे वळले हे त्यावरून संगणक काढी. १२८० × ९६० ठिपक्यांचे चित्र, प्रत्येक ठिपक्याला आठ बिट आणि सेकंदाला ५० चित्रे धरली, तरी ४९ कोटी १५ लाख बिट होतात. यूएसबी २.०ची कागदावरची मर्यादा ४८ कोटी, आणि प्रत्यक्षात हाती लागते ती त्याहून बरीच कमी. म्हणजे एकच कॅमेरा पूर्ण ताकदीने चालवायचा तरी जुना पोर्ट पुरत नव्हता. तिथे चित्र दाबून लहान करून पाठवावे लागे. डिसेंबर २०१६ मध्ये हातात धरायचे टच कंट्रोलर आले, त्यांच्याबरोबर दुसरा सेन्सर आला, आणि खोलीभर फिरायचे तर तिसरा.

पोर्टांचा रंग बरोबर असूनही अडचण येई, ती एका कंट्रोलरवर भार पडल्याने. कॅबिनेटच्या मागे सहा निळे पोर्ट दिसले तरी आत त्यांचा कारभार पाहणारी चिप एकच असू शकते, आणि हेडसेट व तीन कॅमेरे त्याच चिपच्या वाट्याला आले की एखादा सेन्सर मध्येच तुटतो. इंटेलने आपल्या चिपसेटमध्येच यूएसबी ३.०चा आधार २०१२ पासून दिला. त्याआधीच्या मदरबोर्डांवर दुसऱ्या कंपन्यांच्या वेगळ्या चिपा बसवलेल्या असत, त्यांचे ड्रायव्हर वेगळे, वागणे वेगळे. म्हणून २०११ च्या सुमारास जुळवलेला संगणक निळे पोर्ट मिरवत असला तरी व्हीआरसाठी खात्रीचा धरला जात नाही.

तपासणीची पद्धत यातून घडली. आधी ऑक्युलसचे संगणक तपासणारे सॉफ्टवेअर चालवायचे. ते प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि पोर्ट पाहून होकार किंवा नकार देई, पण पोर्टावर खरा भार टाकून पाहत नसे. मग डिव्हाइस मॅनेजर उघडून यूएसबीच्या यादीत ‘एक्स्टेन्सिबल होस्ट कंट्रोलर’ किती आहेत ते मोजायचे. पुढचे पोर्ट टाळायचे, कारण ते कॅबिनेटच्या आतून जाणाऱ्या पातळ केबलवर असतात आणि स्वस्त कॅबिनेटात ती केबलच कच्ची असते. वीज वाचवण्यासाठी विंडोज न वापरलेला पोर्ट झोपवते, ती सोय बंद करायची. तिसरा सेन्सर मुद्दाम यूएसबी २.० वर लावायचा. कंपनीचीही शिफारस तीच होती आणि सोबतची लांब केबलही त्याच प्रकारची मिळे. इतके करूनही सेन्सर तुटत राहिले, तर पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेत यूएसबीचे वेगळे कार्ड बसवायचे आणि त्याला एसएमपीएसची स्वतंत्र वायर द्यायची. जंपर हलवणाऱ्या माणसाने वीस वर्षांनी पुन्हा तेच कॅबिनेट उघडले, एवढाच काय तो बदल.

एचटीसीच्या व्हाइव्ह या हेडसेटने ही कटकट वेगळ्या रचनेने टाळली होती. त्याचे कोपऱ्यांतले ठोकळे खोलीभर लेसर फिरवत आणि त्यांना फक्त वीज लागे. लेसर कधी आदळला हे हेडसेटवरचे बारीक सेन्सर नोंदवत. चित्रे पाठवायची नसल्याने एका यूएसबी २.० पोर्टावर काम भागे. २०१७ मध्ये तो भारतात ९२,९९० रुपयांना विक्रीला आला. त्या पैशांत वसईत एक चांगला संगणक जुळवून झाला असता. ऑक्युलसचे हेडसेट भारतात बराच काळ अधिकृतपणे विकलेच गेले नाहीत, त्यामुळे ते परदेशी असलेल्या नातेवाइकांच्या सामानातून किंवा आयात करणाऱ्या दुकानदारांकडून येत. अशा यंत्राची हमी सहसा इथे चालत नसे. मग पोर्ट आधी पाहून घेण्याला पर्याय राहत नसे.

ऑगस्ट २०१४ मध्ये टाइप-सी पिनेचे मानक जाहीर झाले. सरळ-उलटी कशीही बसणारी ही पिन भट्ट यांच्या जुन्या तडजोडीची भरपाई होती. तिचा आधार घेऊन एनव्हिडिया, ऑक्युलस, व्हॉल्व्ह, एएमडी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी जुलै २०१८ मध्ये ‘व्हर्च्युअललिंक’ मांडले: चित्र, माहिती आणि वीज एकाच केबलमधून हेडसेटला द्यायची. एनव्हिडियाच्या आरटीएक्स २० मालिकेतल्या बऱ्याच कार्डांवर हा पोर्ट आला, पण त्यावर चालणारे हेडसेट आले नाहीत आणि २०२० पर्यंत योजना गुंडाळली गेली. एक पोर्ट, एक केबल हे स्वप्न याआधीही विकले गेले होते, तेव्हा यात नवल करण्यासारखे फारसे नाही.

दरम्यान सेन्सरच हेडसेटच्या पोटात गेले. २०१९ च्या रिफ्ट एसला टेबलावरचे कॅमेरे लागत नव्हते. एक डिस्प्लेपोर्ट आणि एक यूएसबी ३.० पुरे झाला. त्याच वर्षी आलेला क्वेस्ट तर संगणकाशिवायच चाले आणि नोव्हेंबरपासून एका केबलने संगणकालाही जोडता येऊ लागला. आता तपासायची वस्तू पोर्टाइतकीच केबल झाली. क्वेस्ट २ बरोबर मिळणारी टाइप-सी केबल दिसायला नेमकी हवी तशी असली, तरी ती चार्जिंगसाठीची, यूएसबी २.०च्या वेगाची होती. साध्या तांब्याच्या केबलवर यूएसबी ३.०चा वेग तीनेक मीटरपुढे टिकत नाही, म्हणून कंपनीने विकलेली पाच मीटरची केबल प्रकाशतंतूची होती. ऑक्युलसच्या सॉफ्टवेअरमध्ये केबलचा वेग मोजणारी चाचणीही आली, आणि अंदाजाने चालणाऱ्या तपासणीला प्रथमच सरळ आकडा मिळाला. एप्रिल २०२१ पासून ‘एअर लिंक’ या बिनतारी जोडणीमुळे केबलही ऐच्छिक झाली. तेव्हापासून संगणक राउटरला वायरने जोडलेला आहे का आणि राउटर ५ गिगाहर्ट्‌झवर चालतो का, हे आधी पाहिले जाते.