जोडलेली चित्रफीत अर्ध्यावरच का थांबते?

सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर यात्रेत मानाचे सात नंदीध्वज हिरेहब्बू वाड्यापासून निघतात आणि संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळ्यापर्यंत मिरवणूक कित्येक तास चालते. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या या यात्रेचे चित्रण शहरातील अनेक घरांत साठलेले आहे. काही जुन्या व्हीसीडीवर, काही हँडीकॅमच्या मेमरी कार्डावर, तर अलीकडचे मोबाइलमध्ये. पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वज पेलणारे आजोबा आज हयात नसतील, तर त्या चित्रणाचे मोल सांगायला नको. म्हणूनच हे तुकडे जोडून एकच सलग चित्रफीत करावी, असे कुणाच्याही मनात येते. फाइल तयार होते, तिचा आकारही भरभक्कम दिसतो. पण पहिला तुकडा संपताच चित्र थांबते.

तुकडे मुळात पडतात कसे, हे आधी पाहिले पाहिजे. बहुतेक मेमरी कार्डे दीर्घकाळ फॅट-३२ या पद्धतीने आखली जात आणि तीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये आणलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीत सेकंदाला २४ मेगाबिट या वेगाने चित्रण केल्यास साधारण २४ मिनिटांत ही मर्यादा गाठली जाते. मग कॅमेरा स्वतःच नवी फाइल सुरू करतो. असे चित्रण संगणकावर घेताना सुट्या एमटीएस फाइली उचलू नयेत, कार्डावरील संपूर्ण फोल्डर जसाच्या तसा उतरवावा. कोणता तुकडा कोणाच्या पुढचा, ही नोंद त्या फोल्डरमधील इतर लहान फाइलींत असते. ती गमावली तर जोडावर आवाज क्षणभर तुटतो.

आता मूळ दोषाकडे. संगणकाच्या काळ्या पडद्यावर कॉपी आज्ञेने दोन फाइली एकमेकींना चिकटवण्याची युक्ती जुनी आहे. एमपेग-१ किंवा एमपेग-२ प्रकारच्या फाइलींवर ती बऱ्याच अंशी चालते, कारण त्यांत चित्र आणि ध्वनी प्रवाहासारखे पुढे पुढे येत राहतात. एव्हीआय, एमपी-४ आणि एमओव्ही यांचे तसे नाही. त्यांत कोणते चित्र फाइलीत कोठे आहे याची एक सूची असते. नुसते चिकटवल्यावर प्लेअर पहिली सूची वाचतो आणि तीत दुसऱ्या तुकड्याचा उल्लेखच नसल्याने तेथे थांबतो. दोन पुस्तके एकत्र बांधली तरी पहिल्याच्या अनुक्रमणिकेत दुसऱ्याची प्रकरणे येत नाहीत, तसेच हे. ओळखण्याची खूणही सोपी: फाइल दोन तुकड्यांच्या बेरजेइतकी मोठी, पण कालावधी मात्र एकाच तुकड्याचा.

मूळ तुकडे जपून ठेवलेले असतील तर ही फाइल बाजूला ठेवून पुन्हा जोडणी करावी. तुकडे पुसून टाकले असतील तरी हताश होण्याचे कारण नाही. दुसऱ्या तुकड्याची माहिती त्या मोठ्या फाइलीत शाबूत असते. फाइलीतील अंतर्गत मजकूर दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये दुसऱ्या तुकड्याच्या आरंभाची खूण शोधून तेथे फाइल कापता येते. काम किचकट आहे. जाणकाराच्या मदतीने आणि प्रतीवरच करावे.

नव्याने जोडण्यापूर्वी प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे शेवटपर्यंत चालवून पाहावा. चित्रण चालू असतानाच बॅटरी संपली असेल तर एमपी-४ फाइलीत सूची लिहिलीच गेलेली नसते आणि असा एक तुकडा साऱ्या जोडणीला खीळ घालतो. त्याच कॅमेऱ्याने, त्याच मांडणीवर घेतलेली दुसरी चांगली फाइल नमुना म्हणून देऊन असे तुकडे दुरुस्त करणारी सॉफ्टवेअर आहेत.

पुढची पायरी मीडियाइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरने तुकड्यांची तुलना करण्याची. आपल्याकडील व्हीसीडीवरील चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे, सेकंदाला २५ चौकटींचे आणि ध्वनी ४४.१ किलोहर्ट्झचा असतो. डीव्हीडीचे चित्र ७२० गुणिले ५७६ आणि ध्वनी ४८ किलोहर्ट्झचा. मोबाइलचे चित्रण आणखी वेगळे. त्यात चौकटींचा वेगही प्रकाशानुसार कमीजास्त होतो, आणि जोडलेल्या फाइलीत ओठ आणि आवाज हळूहळू फारकत घेतात ते बहुधा यामुळेच. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली चित्रफीत तर बहुतेकदा दाबून लहान केलेली असते. नातेवाइकांकडून ती डॉक्युमेंट म्हणून मागवावी.

सर्व तुकडे एकाच जातीचे असतील तर ते पुनःसंकेतन न करता जोडता येतात. अ‍ॅव्हिडीमक्स, एमकेव्हीटूलनिक्स किंवा एफएफएमपेग ही मोफत साधने ते काम काही मिनिटांत करतात, शिवाय दर्जा जराही घटत नाही. जाती भिन्न असतील आणि तरीही ही वाट धरली, तर जोडावर चित्र गोठते, हिरवे पडते किंवा नुसता आवाज ऐकू येतो. अशा वेळी आधी प्रत्येक तुकडा एकाच आकारात, चौकटींच्या एकाच वेगात आणि एकाच ध्वनिमापात रूपांतरित करावा आणि मग जोडावा. वेळ लागतो, पण दुसरा इलाज नाही. फाइलीच्या नावातील एव्हीआय खोडून एमपी-४ लिहिणे म्हणजे रूपांतर नव्हे, हा गैरसमज अजूनही आढळतो.

प्लेअरवर नीट चालणारी फाइल रूपांतर करताना मध्येच अडते, हीही नेहमीची तक्रार. प्लेअर चुका पोटात घालून पुढे जातो. रूपांतर करणारे सॉफ्टवेअर तितके उदार नसते. जोडावर घड्याळ पुन्हा शून्यावर आले असेल तर ते गोंधळते. फाइल प्रथम एमकेव्ही स्वरूपात नव्याने बांधून घेतली की अनेकदा अडथळा दूर होतो. आणखी एक अगदी साधे कारण असते: तयार होणारी फाइल पेन ड्राइव्हवर लिहिली जात असेल आणि तो फॅट-३२ पद्धतीचा असेल, तर नेमक्या ४ जीबीवर काम थांबते. पेन ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने आखून घ्यावा; मात्र आखणीत त्यावरील सारे काही पुसले जाते आणि काही जुन्या टीव्ही संचांना या पद्धती वाचता येत नाहीत.

तयार चित्रफितीतील प्रत्येक जोडाच्या आधीचे आणि नंतरचे एक मिनिट संगणकावर आणि टीव्हीवर पाहून घ्यावे. तोपर्यंत कॅमेऱ्याचे कार्ड पुढच्या कार्यक्रमासाठी रिकामे करू नये.