ताबा : चावीपासून दवंडीपर्यंत

पंचवीस वर्षांपूर्वी चाव्या हातात आल्या, ताबा पावतीवर सही केली आणि आपल्याला वाटलं, झालं, घर आपलं! माझी नोकरी दिवाणी कोर्टाच्या नाझर विभागात गेली, म्हणून 'ताबा' या शब्दाविषयी चार गोष्टी सांगतो.

कायद्यात ताबा वेगळा, मालकी वेगळी. भाडेकरूकडे ताबा असतो, मालकी नसते. तरी नुसत्या ताब्यालाही मान आहे. १८७७ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टपासून (आता १९६३ चा, कलम ६) बेकायदा हुसकावलेल्या माणसाने सहा महिन्यांत दावा केला, तर मालक कोण हे कोर्ट बघतच नाही. आधी ताबा परत. खऱ्या मालकानेही कोर्टातूनच यावं, दांडगाईने नाही.

ताबा देण्याची रीत १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. हुकूमनामा झाला, दरखास्त दाखल झाली, की वॉरंट घेऊन बेलिफ दारात. दार उघडलं नाही तर तो कुलूप तोडू शकतो. मात्र पडदा पाळणाऱ्या स्त्रियांना आधी सूचना आणि बाहेर पडायला सवड द्यायची. आत हलवता न येणारा भाडेकरू असेल तर वॉरंटची नक्कल ठळक जागी चिकटवायची आणि ढोल वाजवून दवंडी द्यायची. कुणी बाहेर पडत नाही, पण कायद्याने ताबा बदलतो!

समन्सचंही तसंच. माणूस घरी नसला आणि लवकर भेटण्याची शक्यता नसली, तर मूळ संहितेप्रमाणे ते घरातल्या सज्ञान पुरुषाकडेच देता येई; १९७६ च्या दुरुस्तीने स्त्रियांनाही तो अधिकार मिळाला. नोकर मात्र कुटुंबात धरला जात नाही. घ्यायला नकार दिला तर दारावर चिकटवतात, आणि कोर्टाला ते पटलं की बजावणी पुरी. तेव्हा दारावरचा कागद कुणी फाडू नये, वॉचमनलाही सांगून ठेवावं.

आता आपलं. फ्लॅटचा ताबा आपल्याकडे, पण जमीन अजून बिल्डरच्याच नावावर. १९६३ च्या मोफा कायद्याने अभिहस्तांतरण करून देणं ही बिल्डरची जबाबदारी. तो टाळत असेल तर २००८ पासून 'मानीव अभिहस्तांतरणा'ची वाट मोकळी आहे. पुनर्विकासाची बोलणी निघतील तेव्हा पहिला प्रश्न हाच येईल.

ताबा पावती, करारनामा, इंडेक्स-टूची प्रत शोधून ठेवा आणि येत्या सर्वसाधारण सभेला नक्की या. चावी मिळाली, कागद मिळवायचा राहिलाय.