पॅराशूट बटॅलियन

छत्रीधारी सैनिकांच्या प्रशिक्षणावरचा अमेरिकन कृष्णधवल चित्रपट. निर्मिती आरकेओ, दिग्दर्शन लेस्ली गुडविन्स. प्रमुख भूमिका रॉबर्ट प्रेस्टन, एडमंड ओब्रायन, बडी एब्सन, हॅरी केरी आणि नॅन्सी केली यांच्या. सप्टेंबर १९४१ मध्ये, पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या तीनेक महिने आधी, तो प्रदर्शित झाला. त्याच वर्षी मे महिन्यात जर्मन छत्रीधारींनी क्रीट बेटावर उतरून जगाला हादरवले होते. अमेरिका मात्र अजून युद्धात उतरलेली नव्हती.

अमेरिकन लष्करातही हे दल तेव्हा अगदी नवे होते. जॉर्जिया राज्यातील फोर्ट बेनिंग येथे १९४० च्या उन्हाळ्यात लेफ्टनंट विल्यम रायडर यांच्या हाताखाली एक प्रायोगिक तुकडी उभारण्यात आली. १६ ऑगस्टला तिने विमानातून पहिली उडी घेतली आणि ऑक्टोबरमध्ये ५०१ वी पॅराशूट बटॅलियन स्थापन झाली. चित्रीकरण याच तळावर, याच बटॅलियनच्या सहकार्याने झाले.

कथानक बेतास बात आहे. हार्वर्डचा नावाजलेला फुटबॉलपटू, कर्नलचा मुलगा आणि डोंगराळ भागातला एक भोळा गडी असे तिघे भरती होतात. पहिले दोघे सार्जंटच्या मुलीवर भाळतात. कर्नलच्या मुलाला ऐन वेळी उडी मारण्याची हिंमत होईल की नाही, याची धास्ती असते. गुडविन्स मुळात हलक्याफुलक्या विनोदी चित्रपटांचे दिग्दर्शक, त्यामुळे प्रेमप्रकरण आणि थट्टामस्करी यांत बरीच फिल्म खर्ची पडली आहे.

कॅमेरा प्रशिक्षणाकडे वळला की चित्रपटाला जीव येतो. तेव्हाची मुख्य छत्री २८ फूट व्यासाची, रेशमी, पाठीवर बांधायची. छातीवर दुसरी, अडीअडचणीसाठी. घडी चुकली तर छत्री उघडण्याची खात्री नाही, म्हणून छत्रीची घडी घालायला शिकणे हा प्रशिक्षणाचा पहिला मोठा धडा. पुढे सुमारे २५० फूट उंच मनोऱ्यावरून सराव आणि शेवटी विमान. आत ताणलेल्या तारेला प्रत्येकाने आपल्या पट्ट्याचा आकडा अडकवायचा, एकामागून एक दारातून बाहेर पडायचे. पट्टा ताणला की छत्री आपोआप उघडते. सैनिकाच्या हाती उरते ते फक्त दार ओलांडणे. कर्नलच्या मुलाची भीती म्हणूनच खोटी वाटत नाही, आणि ओब्रायनने ती फारसा आवाज न चढवता दाखवली आहे. याच ओब्रायनला पुढे ‘द बेअरफूट कॉन्टेसा’ (१९५४) मधील कामासाठी सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले.

युद्धपट म्हणून पाहिल्यास निराशाच पदरी पडेल. त्यात लढाई जवळपास नाहीच. अमेरिकन छत्रीधारी दलाचा पहिला काळ पडद्यावर पाहायचा असेल, तर मात्र प्रेमकथा सोसून तो पाहावा.