बचत गटाचे दप्तर : एक दुर्लक्षित संहिता

महाराष्ट्रातील स्त्रीसंघटनांचा इतिहास आपण बहुधा पुण्या-मुंबईच्या कागदपत्रांपासून सुरू करतो. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात स्थापन केलेला आर्य महिला समाज किंवा १९२७ च्या जानेवारीत पुण्यातच भरलेली अखिल भारतीय महिला परिषद, हे त्यातील ठरलेले टप्पे. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत असलेले तेर या आराखड्यात बसत नाही. मात्र त्यावरून धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातील स्त्रियांच्या संघटनाला इतिहासच नाही असे मानणे म्हणजे छापील अहवालालाच इतिहास समजणे होय.

या भागातील संघटनाचे कागद निराळ्या जातीचे आहेत. १९९२ साली नाबार्डने बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांच्या पुनर्वसनात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या प्रयत्नांतून गावोगावच्या स्त्रिया शासन आणि ग्रामस्थ यांच्यातील ‘संवाद सहायक’ झाल्या. २०११ नंतर ‘उमेद’ अभियानाने गट, ग्रामसंघ आणि प्रभागसंघ अशी उतरंड रचली. या प्रत्येक पायरीवर इतिवृत्त लिहिले जाते.

हे इतिवृत्त संहिता म्हणून कसे वाचावे? त्याची भाषा साचेबद्ध असते : ठराव, सूचक, अनुमोदक, ‘सर्वानुमते मंजूर’. कर्तरी प्रयोग लोपतो आणि त्याबरोबर मतभेदही. परंतु साचा म्हणजे केवळ मौन नव्हे. उपस्थितीच्या रकान्यात आरंभीचा अंगठा पुढे वळणदार सही होतो, तेव्हा त्या दोन पानांमधील अंतर हेच कथन असते. संत जनाबाईंची नाममुद्रा नामदेवांशी असलेले नाते सांगते, येथे ‘सौ.’ आणि पतीचे नाव तेच कार्य करतात. भेद इतकाच, की येथील सहीला आर्थिक उत्तरदायित्वही आहे.

कर्जाच्या ‘कारणा’चा रकाना अधिक गुंतागुंतीचा आहे. शेळी, बियाणे, दवाखाना ही कारणे वस्तुस्थितीची नोंद असतात, तशीच ती काय सांगितले असता कर्ज मिळते या जाणिवेचीही नोंद असतात. त्यामुळे या रकान्यातून उत्पन्नाची आकडेवारी काढणाऱ्या अभ्यासकाने प्रथम त्याचे वाङ्मयीन संकेत ओळखले पाहिजेत. अन्यथा ऋणकोच्या तोंडी धनकोची भाषा आहे, हे त्याच्या लक्षात येणार नाही.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात प्राचीन तगर नगरीतील मृण्मूर्ती जपून ठेवल्या आहेत. गोरोबाकाकांच्या प्रसिद्ध आख्यायिकेत संतांच्या मेळ्यात कच्च्या-पक्क्या मडक्यांची परीक्षा घडते ती मुक्ताबाईंच्या प्रश्नामुळे. परंपरेने त्या स्त्रीचा प्रश्न लक्षात ठेवला. आजच्या सभेत एखादीने विचारलेला प्रश्न मात्र वहीत उतरला तरच उरेल, आणि वही उरली तरच वाचता येईल. कर्ज फिटले, गट मोडला किंवा हिशेब संगणकावर चढला की जुनी वही रद्दीत जाण्याचा धोका असतो. संगणकावर रकमा चढतात. अंगठा, खाडाखोड, समासातील टीप चढत नाही. विद्यापीठांच्या मराठी व इतिहास विभागांनी या वह्यांचे संकलन, सभासद स्त्रियांच्या संमतीने आणि त्यांची नावे गोपनीय राखून, हाती घेतले पाहिजे. खापराच्या तुकड्याला आपण पुरावा मानतो. मग या वहीला का मानू नये?